दोनझिरी कुणाची

बाराव्या घराच्या दारावर आधीच आकडा होता.

मी गेरूचा डबा खाली ठेवला आणि बघत राहिले. खालच्या उतारापासून इथवरची अकरा घरं मीच रंगवली होती, प्रत्येक दाराच्या डाव्या बाजूला, सूचनापुस्तकात सांगितल्याप्रमाणे ठळक. आणि या बाराव्या घराच्या कुडावर कुणीतरी कोळशाने नऊ लिहून ठेवला होता. हिंदी वळणाचा, लांब शेपटीचा नऊ.

"झिनाबाई, हे कुणी लिहिलं?"

झिनाबाई माझ्याबरोबर खैरखुटीहून चालत आली होती. तिने मान हलवली. उत्तर घरामागून आलं.

"हमने लिखा है, बहेनजी. आप कौन?"

पन्नाशीचा, उंच, वाळका माणूस पुढे आला. धोतर, पायात रबरी बूट, आणि खांद्याला माझ्यासारखीच जनगणनेचा शिक्का मारलेली पिशवी.

"मी प्रगणक," मी म्हणाले. "महाराष्ट्र."

"हम भी प्रगणक. मध्यप्रदेश."

आम्ही एकमेकांच्या पिशव्यांकडे बघत उभे. तेवढ्यात दारातून एक म्हातारी सूप घेऊन बाहेर आली. गळ्यात चांदीची जाड हासळी, कमरेत ताठ. तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या गेरूच्या डब्याकडे.

"इतकी वर्षं कुणी आलं नाही," ती म्हणाली, "आणि आज एकदम दोघं. एकाच घराला दोन नंबर दिलेत तर जेवायलाही दोनदा याल ना?"

ती रुमलीबाई. पुढचे सहा दिवस मी तिच्याच घरी जेवले.

ही गोष्ट एक्क्याऐंशी सालच्या फेब्रुवारीची. मी, हेमलता निकुंभ, तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेत तात्पुरती शिक्षिका होते. तात्पुरती म्हणजे दर जूनला नवा आदेश आणि दर एप्रिलला धाकधूक. जनगणनेचं काम वाटताना डोंगरावरचा शेवटचा गट कुणी घेईना, तो मी मागून घेतला. चालायची मला सवय होती, आणि भीती वाटणं माझ्या स्वभावातच नव्हतं. माझ्या यादीतलं शेवटचं गाव खैरखुटी. त्याच्या वर चढावर एक जुना घडीव दगड होता, त्यावर आकडा कोरलेला, बेचाळीस. तहसीलातल्या साहेबांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "त्या दगडापलीकडे मध्यप्रदेश. तिकडे पाऊल टाकायचं नाही."

मी टाकलंही नसतं. पण खैरखुटीत जनगणनेच्या माणशी एक अशा चिठ्ठ्या भरताना मी झिनाबाईला जन्मगाव विचारलं आणि ती म्हणाली, "दोनझिरी." यादीत शोधलं, सापडेना. ती म्हणाली, "वर आहे, दगडाच्या वर. वीस घरं. माझं माहेर मोजलं का गं कुणी?" तिच्या माहेरच्या चुलीचा धूर खैरखुटीतून दिसत होता. जो धूर डोळ्यांना दिसतो तो कागदावर का नाही, हे मला कळेना. म्हणून मी चढले.

मंडलोई मास्तरांचंही तसंच झालं होतं. मांगीलाल मंडलोई, पलीकडच्या उतारावरच्या शाळेतले हेडमास्तर. त्यांचं निमाडी हिंदी मी इथे मराठीतच सांगते. त्यांनी आपल्या पिशवीतून घडी घातलेला नकाशा काढून रुमलीबाईच्या अंगणात पसरला.

"आमच्या नकाशात हद्द डोंगराच्या माथ्यावरून जाते," ते म्हणाले. "आणि माथ्यावर गावच नाही. आमचे अधिकारी म्हणतात, तिकडे वस्ती दिसत असेल तर ती महाराष्ट्राची."

"आणि आमचे म्हणतात, ती तुमची. दगड खाली आहे ना."

"खाली? कुठे खाली?"

"खैरखुटीच्या वर. इथून पाऊण तास उतरल्यावर."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बहेनजी, मी येताना त्या टेकडीवर एक्केचाळीस नंबर पाहिला. आणि ती समोरची सुळक्यासारखी टेकडी दिसते ना, तिच्यावर त्रेचाळीस आहे. दोन्ही माथ्यावर. मग बेचाळीस एकटाच पाऊण तास खाली कसा उतरेल?"

अंगणात आतापर्यंत दहाबारा माणसं जमली होती. मास्तरांच्या या वाक्यावर त्या सगळ्यांनी एकाच वेळी दुसरीकडे पाहिलं. कुणी बैलाकडे, कुणी आभाळाकडे. शाळेत असं झालं की खडू कुणी चोरला ते मला लगेच कळायचं.

त्यांच्यातला एक जाड मिशांचा, पिकल्या केसांचा माणूस पुढे झाला. गावचा पाटील खुमसिंग, रुमलीबाईचा धाकटा दीर. "दगड तिथेच आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासून. आता जेवा आणि जा."

आम्ही जेवलो, पण गेलो नाही. मास्तर पाटलाकडे राहिले, मी रुमलीबाईकडे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी एक सुतळी घेऊन एक्केचाळीस ते त्रेचाळीस अशी सरळ रेघ धरायचा प्रयत्न केला. झाडांतून ती धरणं अवघड होतं, पण एवढं दिसलं की रेघ गावाच्या मधूनच कुठूनतरी जाते. गाव डोंगराच्या अगदी पाठीवर बसलेलं. दोन्ही बाजूंना एकेक झिरा. दक्षिणेच्या झिऱ्याचं पाणी वाहत तापीला जातं, उत्तरेचं नर्मदेला. दोन झिरी म्हणून दोनझिरी.

"दगड खोटा आहे," मास्तर म्हणाले.

"असू दे ना," मी म्हणाले. "खोट्या दगडाप्रमाणे गाव तुमच्यात येतं. मोजा तुम्ही."

"आणि उद्या मोजणीदार येऊन साखळी लावेल, दगड खोटा म्हणेल, माझ्या सगळ्या चिठ्ठ्या रद्द करेल. मग पुन्हा ही माणसं कुणाचीच नाहीत." त्यांनी सुतळी गुंडाळली. "बहेनजी, मी तीस वर्षं मास्तरकी केली. चुकीच्या हातच्यावर केलेलं गणित मी बरोबर म्हणत नाही."

मला त्यांचा राग आला, कारण ते बरोबर होतं. आणि खरं सांगायचं तर दगड खोटा ठरावा असं मलाही वाटत होतं. आमच्या विस्तार अधिकाऱ्यांनी बोलता बोलता म्हटलं होतं, डोंगरात यादीबाहेरची वस्ती सापडली तर तिथे शाळा मंजूर होईल, आणि जी बाई ती वस्ती शोधेल तिला तिथे कायम करू. गेरूने आकडे लिहिताना माझ्या मनात त्या शाळेचं दारसुद्धा बसवून झालं होतं. पूर्वेकडे तोंड केलेलं.

त्या दुपारी रुमलीबाईने मला घट्टीजवळ, म्हणजे जात्याजवळ, बसवलं. ती शिरपूरच्या बाजारात चारोळी विकायला यायची, त्यामुळे तिला बाजाराची मराठी चांगली येत होती.

"बाई, त्या चिठ्ठीत नाव लिहिलं की काय होतं?"

"सरकारला कळतं की तुम्ही आहात."

"कळलं की?"

मी सूचनापुस्तकातलं उत्तर देणार होते. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. "शाळा मिळू शकते," मी म्हणाले. "लस टोचायला माणसं येऊ शकतात. येतीलच असं नाही. पण नाव नसलं तर नक्कीच येत नाहीत."

तिने जात्यावर हात ठेवला.

"दोन वर्षांपूर्वी पोरांत घटसर्प आला," ती म्हणाली. "खैरखुटीपर्यंत टोचणारी गाडी आली. माझा मुलगा धावत खाली गेला. ते दगडापर्यंत आले आणि म्हणाले, पुढे आमचं नाही. मग तो पलीकडे गेला, नऊ कोस. ते म्हणाले, आमच्या कागदात हे गाव नाही. तो परत येईपर्यंत सात पोरं गेली. त्यातली दोन या घरातली."

बाहेर कुणीतरी लाकडं फोडत होतं.

"ऊठ," ती म्हणाली. "घट्टीला हात लाव."

आम्ही दोघींनी मिळून घट्टी बाजूला सरकवली. खालची शेणाने सारवलेली जमीन तिने विळ्याने उकरली. वीतभर खाली मुरूम लागला, आणि मुरुमाच्या खाली चौकोनी खड्डा, चारी बाजूंनी चुन्यात बसवलेल्या दगडी कपच्या. आत मी कोपरापर्यंत हात घातला. कडा इतक्या सरळ होत्या की तो डोंगरातल्या माणसाचा खड्डा नव्हता. सरकारी काम होतं.

"बेचाळीस," मी म्हणाले.

"मला वाचता येत नाही. पण तो इथे उभा होता. मी दहा वर्षांची असताना."

मग तिने मला दोनझिरीचा इतिहास सांगितला. मी तो तिच्याच शब्दांत सांगते.

"तेव्हा खाली गोरा साहेब होता आणि वर संस्थान. दोघांनाही माणसं लागायची. साहेब शिकारीला आला की हाका घालून जनावर उठवायला, त्याचा तंबू वाहायला, त्याची खाट वाहायला. माझा काका ती खाट वाहता वाहता घाटात पडला. उठलाच नाही. संस्थानचे शिपाई आले की लाकूड तोडायला न्यायचे, वीस वीस दिवस. पेरणी असो, काही असो. एकदा माझ्या बापाच्या लक्षात आलं, हे दोघेही आधी दगड बघतात. दगडाच्या पलीकडच्याला हात लावत नाहीत, कारण दुसऱ्याशी भांडण नको. मग त्याने आठ माणसं घेतली. दगडाला दोर, दोन बांबू. साहेबाचा तंबू खाली दिसला की दगड खाली न्यायचा. साहेब म्हणायचा, हे गाव संस्थानचं, चला परत. संस्थानचे शिपाई वर दिसले की दगड त्या बाजूला. शिपाई म्हणायचे, हे साहेबाचं."

"कुणाला कळलं नाही?"

"साहेब बदलायचे, शिपाई बदलायचे. गेल्या वेळी दगड कुठे होता हे कुणाला आठवणार? दगडावरचा आकडा तर बरोबरच होता." ती पहिल्यांदाच हसली. "वीस वर्षं आमच्यातल्या एकानेही वेठ केली नाही. आजूबाजूच्या सगळ्या गावांनी केली. मग एक दिवस साहेब येऊन गेला आणि त्यानंतर कुणी आलंच नाही. ना तो, ना शिपाई. दगड खाली राहिला तो राहिला. नेणारे म्हातारे झाले, मेले. माझं लग्न झालं तेव्हा बापाने मुद्दाम या खड्ड्यावर माझं घर बांधून दिलं. म्हणाला, चूल इथे नको, घट्टी इथे ठेव. घट्टी कुणी हलवत नाही."

"मग खुमसिंग पाटलांना माहीत आहे?"

"खड्डा कुठे ते नाही. दगड चालायचा एवढं सगळ्यांना माहीत आहे. आठ जणांनी वाघदेवापुढे शपथ घेतली होती, जो बाहेरच्याला सांगेल त्याचं घर उठेल."

"आणि तुम्ही मला सांगितलंत."

"हो," ती म्हणाली. "जा, मास्तरला बोलाव."

संध्याकाळी पाटलाच्या अंगणात सगळं गाव बसलं. खुमसिंग इतका चिडला होता की तो खाली बसायलाच तयार नव्हता.

"भाबी, तुझ्या बापाने दिलेला शब्द तू मोडलास. आम्ही कुणाचेच नव्हतो म्हणून जगलो."

"पोरं जगली नाहीत," रुमलीबाई म्हणाली.

"दगड परत मधे लावला तर गावाचे दोन तुकडे होतील. अकरा घरं इकडे, आठ तिकडे. तुझं घर तर मधोमध. उद्या माझ्या भावकीतल्या लग्नाला मला दुसऱ्या राज्यात जावं लागेल?"

"माझ्या बापाने गाव वाचवायला दगड हलवला. दगड जड होता, तरी हलवला. आता गाव वाचवायला घरं हलवा. घरं तर हलकी आहेत."

कुणालाच आधी कळलं नाही. मग गावच्या देवाचं करणारा पुजारा, जो आतापर्यंत डोळे मिटून बसला होता, डोळे उघडून म्हणाला, "सगळी एका बाजूला?"

"सगळी एका बाजूला. दगड जिथला तिथे, खरा. आणि गाव पूर्ण त्याच्या एका बाजूला, तेही खरं. मग मोजणीदार येवो नाहीतर त्याचा बाप येवो."

मंडलोई मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "बरोबर! एक मार्चच्या सूर्योदयाला जो जिथे राहतो, तो तिथला. नियमच आहे."

"कोणत्या बाजूला?" खुमसिंगने विचारलं. त्याचा आवाज खाली आला होता. तो आता भांडत नव्हता, हिशेब करत होता. उत्तरेला माळ होता, दक्षिणेला उतार. उत्तरेला न्यायची तर बारा घरं उचलायची, दक्षिणेला आणायची तर नऊ. बाजार दोन्हीकडे. सोयरे दोन्हीकडे. अर्धा तास गलका झाला. अकरा घरांवर माझा गेरू होता, आणि बरीचशी माणसं माझ्याकडे बघूनच बोलत होती. कुणीतरी म्हणालं, नऊच हलवू, बाईचीच बाजू घेऊ. मी गप्प होते, पण आतून खूश होते, हे कबूल करते.

रुमलीबाईने हात वर केला. गलका थांबला.

"या दोघांना एकच विचारायचं," ती म्हणाली. "तापाने फणफणलेलं पोर खांद्यावर घेऊन इथून निघालं, तर डॉक्टरापुढे कधी पोचेल? मास्तर, तू सांग."

मास्तरांनी विचार केला. "उत्तरेच्या बाजूने उतरलं तर धावडीला दवाखाना आहे. डॉक्टर तिथेच राहतो, मी त्याला ओळखतो. दारू पितो, पण दुपारपर्यंत बरा असतो. पहाटे निघालं तर दुपारच्या आत."

लोक हसले. मग सगळे माझ्याकडे वळले.

खैरखुटीला आमचं उपकेंद्र होतं. नवी इमारत, पांढरा रंग, लाल पाटी. दोनझिरीहून उतरायला पाऊण तास. मी नुसतं "पाऊण तास" म्हणाले असते तर ते खोटं नव्हतं. पाटी सगळ्यांनी पाहिलेली होती. झिनाबाई माझ्या शेजारी बसली होती, आणि तिलाही माहेर आपल्या बाजूला यावं असं वाटत असणार. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. रुमलीबाई मात्र बघत होती, घट्टी हलवताना बघत होती तशीच.

"खैरखुटीला इमारत आहे," मी म्हणाले. "नर्स फक्त मंगळवारी येते. बाकीच्या दिवशी कुलूप. मग शिरपूरला जावं लागतं. पायी आणि मग गाडी मिळाली तर, दीड दिवस."



"मंगळवारीच आजारी पडायचं पोरांना कसं शिकवणार?" रुमलीबाई म्हणाली, आणि उठली. "उत्तरेला."

झालं. माझी शाळा, तिचं पूर्वेकडचं दार, कायमचा आदेश, सगळं त्या एका शब्दात डोंगराच्या पलीकडच्या उतारावर गेलं. मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलं, पण थोडाच वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी इतकं काम होतं की वाईट वाटायला जागाच उरली नाही.

आधी रुमलीबाईचं घर. शपथ तिने मोडली होती, म्हणून तिने कुणालाही हात लावू दिला नाही. स्वतः शिडीवर चढली, पहिलं कौल स्वतः काढलं. "घर उठेल म्हणाले होते ना," ती खुमसिंगला ऐकू जाईल अशी म्हणाली. "घे, उठवलं. देवाचा शब्द खरा झाला, आता देवाचं काही देणं नाही." खुमसिंग खाली उभा होता. थोड्या वेळाने तो पुढे आला, हात वर केले, आणि तिच्या हातातलं दुसरं कौल घेतलं.

इथल्या पावरा आदिवासींमध्ये लाह म्हणून पद्धत आहे. ज्याचं काम असेल त्याच्याकडे सगळं गाव राबतं, मोबदला फक्त जेवण. बारा घरांची लाह एकदम लागली. कौलं उतरवायची, कूड सोडवायचे, सागाचे खांब उपटायचे, आणि सगळं खांद्यावरून उत्तरेच्या माळावर. बायकांनी कोंबड्या, कणग्या, मडकी नेली. झिनाबाईने खैरखुटीहून आपला नवरा आणि दोन दीर आणवले. मी साडी खोचून कौलं वाहिली. मंडलोई मास्तर नव्या जागी दोरी लावून घरं एका ओळीत येतात का ते बघत होते, आणि कुणीच त्यांचं ऐकत नव्हतं.

अठ्ठावीस तारखेला दुपारी आठ माणसं खैरखुटीच्या चढावर गेली. त्या आठातल्या एकानेही आपल्या वडिलांना तो दगड उचलताना पाहिलं नव्हतं, पण दोर कसा बांधायचा आणि वळणावर कुणी आधी खांदा बदलायचा हे त्यांना ठाऊक होतं. मी विचारलं, कसं? एकजण म्हणाला, "आम्ही लहानपणी लाकडाचा ओंडका घेऊन हाच खेळ खेळायचो."

दगड खड्ड्यात बसला तेव्हा चारही बाजूंनी एक बोटसुद्धा फट राहिली नाही. मास्तरांनी एका बाजूला एक्केचाळीसकडे पाहिलं, दुसऱ्या बाजूला त्रेचाळीसकडे. मग दगडावर हात ठेवून म्हणाले, "पास."

एक मार्चला उजाडताना शेवटच्या घरावर अजून कौलं चढत होती. रुमलीबाईची घट्टी नव्या घरात बसली होती. मास्तर चिठ्ठ्या घेऊन बसले. माझ्याकडे भरलेल्या अकरा घरांच्या चिठ्ठ्या होत्या. त्या मी त्यांना वाचून दाखवल्या आणि त्यांनी आपल्या कागदावर उतरवून घेतल्या, नाव, वय, बापाचं नाव. रुमलीबाईच्या वयावर अडलं. ती म्हणाली, दगड पहिल्यांदा हलवला तेव्हा दहा. मास्तरांनी बोटांवर मोजलं आणि सदुसष्ट लिहिलं.

"जास्त झालं," ती म्हणाली.

"दगड हलवणाऱ्यांत वय जास्तच दिसतं," मास्तर म्हणाले.

एकूण एकशे एकतीस. त्यांनी ती बेरीज तीनदा केली.

निघताना मी त्या अकरा घरांच्या माझ्या चिठ्ठ्यांवर काट मारली. सूचनापुस्तकात लिहिलं होतं, चुकीची चिठ्ठी रद्द करावी आणि कारण लिहावं. मी कारण लिहिलं, "या व्यक्ती कार्यक्षेत्राबाहेर राहतात."

पुढचं थोडक्यात सांगते. मी कायम झाले ती तीन वर्षांनी, शहाद्याकडच्या एका शाळेत. मंडलोई मास्तर दर दिवाळीला एक पोस्टकार्ड पाठवायचे, त्यात दोनझिरीची बातमी असायची. पंच्याऐंशीला टोचणारी गाडी माळापर्यंत आली, रस्ता तेव्हा नव्हता, बैलांनी ओढून आणली. सत्त्याऐंशीला शाळा. नव्वदच्या कार्डात रुमलीबाई गेल्याचं लिहिलं होतं. झोपेत, चैत्रात. त्याखाली एक ओळ होती, त्या वर्षी गावात एकही पोर गेलं नाही. एक्क्याण्णवच्या जनगणनेनंतरच्या कार्डावर फक्त आकडा होता. एकशे अठ्ठ्याऐंशी. खाली सही.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो एक्क्याऐंशीचा पाच मार्च, तहसील कचेरीतला. मी माझा गठ्ठा साहेबांच्या टेबलावर ठेवला. सगळ्या गटांत शेवटचा माझाच होता. साहेबांनी कागद उलटवले, बरोबर होते. मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. कौलांनी दोन्ही तळवे सोलले होते.

"दगडापलीकडे गेला होतात का?"

"नाही साहेब. दगडापलीकडे मध्यप्रदेश आहे."

"मग इतके दिवस कशाला लागले?"

"सामान हलवायला मदत करत होते."

"कुणाचं?"

"शेजाऱ्यांचं," मी म्हणाले, आणि सही करायला पेन मागितलं.